झेंडूची माळ आणि पाण्याची काच

बॉयलरवर जन्म घालवलेल्या माणसाला लोक एकच प्रश्न विचारतात, "कधी फुटला का हो?" या दिवाळी अंकाच्या संपादकांनीही तेच विचारलं आहे, फक्त जरा सभ्य भाषेत. तेव्हा उत्तर देऊन मोकळा होतो. नाही फुटला. नांदुऱ्याच्या जिनात मी सव्वीस हंगाम काढले आणि एकदाही बॉयलर फुटू दिला नाही. ज्यांची निराशा झाली असेल त्यांनी खुशाल पान उलटावं, पुढे कविता असतीलच.

जे थांबले त्यांना आधी आमचा धंदा समजावून सांगतो. वऱ्हाड तेव्हा मध्य प्रांताला जोडलेला होता आणि नांदुरा म्हणजे आगगाडीच्या हमरस्त्यावरचं कापसाचं गाव. दसऱ्याला गाड्यांची रांग लागायची ती उन्हाळा तापेपर्यंत हटायची नाही. जिनात रेचे असतात, म्हणजे सरकी आणि रुई वेगळी करणारी यंत्रं. त्यांच्यावर बाया बसतात. रेचे फिरतात पट्ट्यांवर, पट्टे फिरतात इंजिनावर आणि इंजिन फिरतं वाफेवर. वाफ देतो बॉयलर. मालक गादीवर बसलेला असला तरी जिनाचा खरा धनी कोण हे आम्हा बॉयलरवाल्यांना पक्कं ठाऊक होतं, आणि आमच्या चालण्यातही ते दिसायचं.

बॉयलर म्हणजे झाकण पक्कं बसवलेलं भलंमोठं पातेलं. खाली भट्टी, वर पाणी. आत पाणी किती आहे ते बाहेरून कळावं म्हणून पुढच्या बाजूला एक उभी काचेची नळी असते, तिला वर आणि खाली तोट्या. काचेत पाणी अर्ध्यावर दिसलं की समजायचं, आतही ठीक आहे. पण आमचा भाग खारपाण्याचा. विहिरीचं पाणी तोंडात धरवत नाही. तेच बॉयलरात जाऊन उकळतं आणि आतून पांढरी खपली धरते. हंगामाआधी ती खरवडून काढतात, तरी एखादा सुटा तुकडा राहतोच आणि नेमका खालच्या तोटीत जाऊन बसतो. मग आतलं पाणी खाली खाली जातं आणि काचेतलं मात्र जागच्या जागी उभं. याला आम्ही खोटं पाणी म्हणायचो.

म्हणून दर दोन तासांनी काच धुवायची. खालची तोटी उघडून काचेतलं पाणी फस्सकन बाहेर सोडायचं आणि तोटी बंद करायची. पाणी उसळून परत अर्ध्यावर आलं तर खरं. आलं नाही तर खोटं. आणि पाणी खरोखरच गेलेलं असेल तर पंपाला हात लावायचा नाही. घाबरलेला माणूस पहिलं काम तेच करतो. तापून लाल झालेल्या पत्र्यावर गार पाणी पडलं की मग संपादकांच्या मनासारखं होतं. शहाणा माणूस भट्टीतली आग बाहेर ओढतो आणि वाट बघतो.

हे सगळं मला करीम मिस्त्रींनी शिकवलं. मी त्यांना चाचा म्हणायचो. पांढरी दाढी, डोळ्यांत सुरमा, आणि कान असे की पट्ट्याचा आवाज बदलला तर जेवणावरून उठायचे. "बेटा," ते म्हणायचे, "काचवर भरोसा ठेव. पन रोज इचारून ठेव."

आता माझी ओळख. माझं गाव जानेफळ. आमची घरं गावकुसाबाहेर होती. वडिलांनी मिशनच्या शाळेच्या ओट्यावर अक्षरं गिरवली, पुढे बाप्तिस्मा घेतला आणि मला नाव ठेवलं शांतवन. नाव शांतवन आणि तोंड भोंग्याचं. माझा राग जिनात प्रसिद्ध होता. प्रभूवर माझी श्रद्धा होती, नाही असं नाही, पण त्या वयात श्रद्धा म्हणजे मला कशाकशाला नाही म्हणायचं याची यादी वाटायची. हे करणार नाही, ते खाणार नाही, त्याला हात लावणार नाही.

मी तेव्हा इंजिनवाला होतो, काच माझ्या ताब्यात. भट्टीत कोळसा घालणारा आणि काचेत पाणी दिसेल त्या मानाने पंप चालवणारा तो आगवाला, आणि माझा आगवाला होता संपत. रोहिणखेडचा, कुणब्याचा पोरगा, थोड्या शेतीतला धाकटा भाऊ. गुणगुणत फावडं मारायचा. कामाला लागल्यावर दुसऱ्याच आठवड्यात त्याने माझ्या मडक्यातलं पाणी घेतलं. मी म्हणालो, "अरे, ते माहं हाय." तो म्हणाला, "मंग? पानीच हाय ना बे." त्या जिनात माझ्या मडक्यातलं पाणी प्यायलेला तो पहिला माणूस. हे मुद्दाम सांगतो, कारण पुढे मी त्याच्याशी जे केलं ते कळायला हे माहीत असावं लागतं.

खांडेनवमीला जिनात हत्यारांची पूजा व्हायची. बॉयलरला हळदकुंकू, इंजिनाला नारळ, आणि संपतने हौसेने झेंडूची माळ करून काचेच्या खालच्या तोटीला गाठ मारून बांधली. दसऱ्याला मुहूर्ताने आग पेटली. मला काच धुवायची होती. माळ सोडल्याशिवाय तोटी फिरत नव्हती.

"हे काढ," मी म्हणालो.

"सुकू दे ना. वल्ली माळ काढत नसतेत."

"मंग मी बी हात नाही लावत. देवाले वाह्यलेलं फूल हाय ते."

चाचा हसले. "अरे मियाँ, मी वीस वर्सं झाले ह्या फुलाईच्या बाजूले काम करून राह्यलो. माहा इमान काय झेंडूनं जळून जाते का?"

पण माझ्या डोक्यात दुसरंच चाललं होतं. गावात ज्या देवळाच्या पायरीला आम्हाला शिवू दिलं नव्हतं, त्या देवाच्या फुलाला मी का शिवू? राग खरा होता, अजूनही तो चुकीचा होता असं मी म्हणणार नाही. फक्त तो मी तोटीवर काढला. पहिल्या दिवशी काच धुतली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. काचेत पाणी छान अर्ध्यावर दिसत होतं. चाचा रेच्यांचे पट्टे बसवण्यात गुंतले होते आणि शांतवन काच बघतोय म्हटल्यावर निर्धास्त होते. त्या रविवारी मी ही गोष्ट आमच्या प्रार्थनामंदिराच्या पाळकसाहेबांना सांगितली. त्यांना केवढं कौतुक वाटलं.

सोमवारी भर दुपारी संपतने कोळसा घालायला भट्टीचं दार उघडलं. भट्टीच्या छताला शिशाची एक खीळ असते. पाणी फार खाली गेलं की ती वितळते, वाफ भट्टीत घुसते आणि आग विझवते. बॉयलर वाचतो. दारासमोरचा माणूस वाचेलच असं नाही. पांढरा लोट बाहेर आला, संपत ओरडला आणि मागे पडला. तोंड त्याने फिरवलं होतं, पण उजवा हात कोपरापर्यंत भाजून निघाला.

त्याला गाडीत घालून दवाखान्यात नेलं. अर्ध्या तासात मॅनेजरसाहेब माझ्यासमोर उभे. "काच धुतली होती?"

"धुतली होती, साहेब. दोनदा."

हे उत्तर विचार करून दिलं नव्हतं. ते माझ्या तोंडून आपोआप निघालं, आणि एकदा निघाल्यावर परत घ्यायची छाती झाली नाही. काच ठीक होती, तर मग पंप चालला नसणार. पंप कोणाच्या हाती? संपतच्या. बिचारा तेव्हा दवाखान्यात कण्हत होता. हात बरा झाला तोवर त्याची तीन बोटं तळव्याकडे वळून बसली होती आणि नोकरी गेली होती.

पुढची तीन वर्षं मी सज्जन माणूस म्हणून नाव कमावलं. आमचं छोटं प्रार्थनामंदिर होतं, कौलारू, वीसपंचवीस घरांची मंडळी. पाळकसाहेब भले गृहस्थ. प्रवचनात दाखला म्हणून ते माझी गोष्ट सांगायचे, नोकरीवर पाणी सोडीन पण त्या फुलांना हात लावणार नाही असं म्हणणाऱ्या शांतवनची. माणसं वळून माझ्याकडे बघायची. काहींनी पुढचं स्वतःच जोडलं होतं, ज्याने माळ बांधली त्याचाच हात भाजला. मी खाली मान घालून बसायचो. लोकांना तो नम्रपणा वाटायचा.

महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असतं. भाकरीचा तुकडा आणि भिजवलेल्या मनुकांचा रस. ज्याने भावाचं काही बिघडवलं असेल त्याने आधी जाऊन समेट करावा आणि मगच हात पुढे करावा, हे मला लहानपणापासून शिकवलेलं. मी शेवटच्या बाकावर बसायला लागलो. कप आला की पुढे सरकवायचो. छत्तीस महिने. प्रार्थना मात्र मोठ्याने करायचो, साऱ्या मंडळीत मोठ्याने. घरी आणि जिनात माझा राग दुप्पट झाला. प्रभूने पापांची क्षमा केली आहे हे मी तोंडाने शंभरदा म्हणत होतो आणि मनात एक क्षणही स्वस्थता नव्हती. काचेत पाणी अर्ध्यावर आणि आत ठणठणाट. माझ्याच धंद्यातली गोष्ट, आणि मलाच कळायला तीन वर्षं लागली.

मग मंडळीने मला वडील निवडलं. मंडळीचा कारभार बघणाऱ्या ज्येष्ठाला आमच्यात वडील म्हणतात, आणि प्रभुभोजनाचं ताट वडिलांनीच फिरवायचं असतं. घरी आलो. माझी बायको रूथ ज्वारी पाखडत होती. सूप न थांबवता ती म्हणाली, "अजी, तीन वर्सं झाले, तुमी कप पुढं सरकवून राह्यले. म्या काई इचारलं नाही. आता तं ताटच तुमच्या हातात देऊन राह्यले. काय करसान?"

मी खाली बसलो आणि तिला सगळं सांगितलं. ती रडली नाही, रागावलीही नाही. सूप बाजूला ठेवून म्हणाली, "मोटारीत बसा अन् रोहिनखेडले जा. आल्यावर जेवू."

रोहिणखेडच्या जुन्या मशिदीच्या पलीकडे संपतच्या भावाचं शेत होतं. ज्वारी दाण्यात आलेली. संपत मचाणावर उभा राहून डाव्या हाताने गोफण फिरवत होता, उजवा छातीशी धरलेला. मला बघून खाली उतरला.

"अरे, शांतवन! येवढ्या दूर? बस, बस. पानी पे आधी."

त्याने मडक्यावरचं झाकण काढलं. मी म्हणालो, "आधी आयक. मंग द्याचं असन तं दे."

मी उभ्यानेच सांगितलं. "त्या दिवशी म्या काच धुतली नोती. तुही माळ होती म्हून तीन दिवस तोटीले हात नाही लावला. सायबाले खोटं सांगतलं. पंप तू बरोबर चालवला होता, संपत."

तो हळूच म्हणाला, "पुन्ना सांग."

"काय?"

"पंपाचं."

"पंप तू बरोबर चालवला होता."

तो बांधावर बसला. वळलेल्या बोटांकडे बघत होता. पाखरं कणसांवर उतरली तरी उठला नाही. "पयले मले पक्कं मालूम होतं का म्या चालवला," तो म्हणाला. "मंग सारे म्हनत, नाही चालवला. घरचे म्हनत, तूनच तुहा हात जाळला. तं मले बी वाटाले लागलं, नसनच चालवला. तीन वर्सं हेच आठवून राह्यलो बे. चालवला का नाही, चालवला का नाही."

हात मी जाळला हे मला माहीत होतं. नोकरी घालवली हेही माहीत होतं. पण मी या माणसाचा स्वतःवरचा विश्वास काढून घेतला होता, हे मला त्या बांधावर कळलं. मी रडलो. तो नाही रडला. त्याला राग आला, आणि येणारच.

"अन् हे आज काऊन सांगाले आला? तुह्या जिवाले थंडक पडावी म्हून?"

खोटं बोलायची सवय होती, पण त्या दिवशी जमलं नाही. "हाव," मी म्हणालो. "त्याच्याचसाठी निंघालो होतो."

"मंग मले एकट्याले सांगून भागत नाही. ज्याच्यापुढं खोटं बोलला त्याच्यापुढं सांग. साऱ्याईच्या पुढं. रेच्यावरच्या बायाईच्या पुढं बी."

त्याने मडक्यावर झाकण ठेवलं. पाणी त्याने दिलं नाही, मी मागितलं नाही. परतीच्या वाटेवर घसा कोरडा पडला होता, आणि तो तसाच असणं मला योग्य वाटत होतं.

सोमवारी सकाळी पहिला भोंगा होण्याआधी मी मॅनेजरसाहेबांना अंगणात बोलावलं. सगळे जमले होते. सांगितलं, माळेपासून खोट्या उत्तरापर्यंत, काही न गाळता. मग रेच्यावरची एक म्हातारी म्हणाली, "लेका, तीन वर्सं जेवन कसं गेलं रे तुह्या गळ्याखाली?" साहेबांनी मला नंतर बरंच सुनावलं, पण त्या म्हातारीएवढं काही लागलं नाही.

तेवढ्यात करीमचाचा आपल्या हत्यारांच्या पेटीकडे गेले आणि एक पत्र्याचा डबा घेऊन आले. डब्यात झेंडूची वाळलेली माळ होती, काळी पडलेली, गाठ तशीच.

"त्या दिवशी तोटीवरून म्याच कापली, सायब," ते म्हणाले. "गाठ सुटेल नोती. मले तवाच समजलं होतं. पन मिस्त्री मी, जबाबदारी माही. मी बी भेलो. रोज नमाजले उभा राहो अन् रोज हा डबा डोयापुढं ये."

तीन वर्षं आम्ही दोघे एका बॉयलरच्या दोन बाजूंना उभे होतो, दोघेही आपापल्या देवाला हाक मारत, आणि दोघांच्याही घशात एकच माळ अडकलेली. मी चाचांच्या पायाला हात लावला. त्यांनी मला उठवून छातीशी धरलं.

साहेब मला काढून टाकू शकत होते. त्यांनी मला इंजिनावरून उतरवून आगवाला केलं, चाचांना ताकीद दिली आणि संपतला बोलावणं पाठवलं. काच धुवायला एक चांगला हात पुरतो, ते काम त्याला दिलं. म्हणजे आता तो काच बघणार आणि मी त्याच्या खाली कोळसा ओढणार. फावडं हातात घेऊन मी भट्टीच्या दारासमोर उभा राहिलो, बरोबर संपत जिथे उभा होता तिथे. आणि काय सांगू, मला हसू यायला लागलं. संध्याकाळी जीन बंद झाला की कानाला कळतं, दिवसभर केवढा गोंगाट होता. तसं माझं झालं. मनात कितीतरी दिवसांनी काहीही ओरडत नव्हतं. माझी इज्जत गेली होती, हुद्दा गेला होता, आणि त्या मोकळ्या जागेत प्रभू शांतपणे येऊन बसला होता. मी त्याला इतकी वर्षं मोठ्याने हाका मारत होतो, त्या गोंधळात तो येणार कसा?

त्याच आठवड्यात रविवारी मंडळीपुढेही सांगितलं. पाळकसाहेबांचा चेहरा उतरला. मग ते उठले आणि म्हणाले, "मी ही गोष्ट या वेदीवरून तीनदा सांगितली. ती चुकीची होती. आज खरी ऐकलीत, आता हीच लक्षात ठेवा." वडीलपण अर्थातच दुसऱ्याला गेलं, आणि तो माझ्यापेक्षा बरा निघाला. पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारी कप माझ्यापर्यंत आला. शेजारी रूथ बसली होती. ती समोर बघत होती, पण तिने श्वास धरलेला मला जाणवला. मी कप घेतला आणि प्यायलो. मनुकांचा रस इतका गोड असतो हे मी विसरलोच होतो.

पण संपत अजून माझ्याशी कामापुरतंच बोलत होता. माझ्या मडक्याकडे बघत नव्हता. क्षमा मागणं माझ्या हातात होतं, देणं त्याच्या. मी घाई केली नाही, आणि घाई न करणं हे माझ्या स्वभावाला नवीन होतं.

हंगाम संपता संपता, उन्हाळा तापला असताना, संपतने दुपारी नेहमीप्रमाणे काच धुतली. पाणी सोडलं, तोटी बंद केली आणि तो काचेकडे बघत राहिला. पाणी परत आलं नाही, म्हणजे काचेतलं खोटं होतं. विहिरीवरचा पंप अडकून बॉयलरला पाणी देणारी टाकी रिकामी पडली होती आणि कोणाच्या ध्यानात आलं नव्हतं. टाकीत आता कुठे पुन्हा पाणी पडायला लागलं होतं.

"शांतवन," तो म्हणाला. "काच रिकामी हाय बे."

चाचा धावत आले, आणि त्यांचा हात थेट पंपाकडे गेला. इतक्या वर्षांचा अनुभव, मला शिकवलेला माणूस, पण भीती कोणाला ओळखत नाही. मी त्यांचं मनगट धरलं. "चाचा, पंप नाही. तुमीच शिकवलं."

त्यांनी माझ्या डोळ्यांत बघितलं आणि हात खाली घेतला. "संपत, बायाईले भायेर काढ," मी म्हणालो. "पयाले नको लावू. चालत ने."

मी भट्टीचं दार उघडलं. हे दार उघडताना एका माणसाचा हात गेला होता, आणि शिशाची खीळ आत कोणत्याही क्षणी वितळली असती. लांब आकडा घालून मी निखारे ओढायला लागलो. एक खेप, दुसरी खेप. चाचा त्यांच्यावर ओली राख टाकत होते. पायांपुढे आगीचा ढीग, तोंडाची कातडी ओढल्यासारखी झालेली. त्या वेळी मी प्रार्थना केली का? नाही, तेवढी उसंत नव्हती. भीती होती का? होती, भरपूर होती. पण भीतीच्या खाली पाय टेकायला जागा होती. आज मेलो तर कोणाचं काही लपवून मरत नाही, एवढं मला कळत होतं, आणि त्यामुळे हात अडखळत नव्हता. जुना शांतवन असता तर त्यानेच पंप लावला असता, हे मी बायबलावर हात ठेवून सांगतो.

शेवटचा निखारा बाहेर आला. बॉयलर गार होईपर्यंत आम्ही तिघे आवारात बसून राहिलो. खीळ शाबूत होती. पत्रा शाबूत होता. साठसत्तर बाया कडुलिंबाखाली सुखरूप बसून आम्हाला नावं ठेवत होत्या की एवढं काय झालं म्हणून रेचे बंद पाडले.

संपत उठला. सावलीतल्या माझ्या मडक्याजवळ गेला, डाव्या हाताने गडवा बुडवला आणि गटागटा प्यायला. मग पुन्हा भरून माझ्यापुढे धरला. "पे," तो म्हणाला. "रोहिनखेडचं ऱ्हायलं होतं."

मी प्यायलो. खारं, कोमट पाणी. चाचांनी तोंड फिरवून सुरमा पुसला.

मला इंजिन परत मिळालं. संपत शेवटपर्यंत काचेवर राहिला. आज अंकासाठी लिहायला बसलो तेव्हा वाटलं होतं की गमतीचे दहा किस्से सांगावेत, तऱ्हेवाईक मालक, उंदराने अडवलेला भोंगा, असे पुष्कळ आहेत. पण माझ्या आयुष्यात सांगण्यासारखं घडलं ते एवढंच.

आणि एक राहिलं. त्या वर्षीची खांडेनवमी. संपतने झेंडूची माळ केली, भरगच्च, आणि घेऊन बॉयलरपुढे आला. मी बाजूला सरकून त्याला वाट दिली. पूजा माझी नव्हती, पण माळ माझ्या मित्राची होती, आणि झेंडूने माझा विश्वास जळत नाही हे चाचांनी फार पूर्वी सांगून ठेवलं होतं. संपत तोटीजवळ थांबला, माझ्याकडे बघून हसला आणि माळ वर भोंग्याच्या साखळीला बांधली.

दसऱ्याला आग पेटली. वाफ चढली. वाऱ्याने माळेचं एक टोक सुटून काचेवर आलं होतं. संपतने वळलेल्या तीन बोटांनी ते अलगद बाजूला धरलं. "धू आता," तो म्हणाला. मी तोटी उघडली. पाणी फस्सकन बाहेर गेलं, काच रिकामी झाली. तोटी बंद केली. आम्ही दोघे बघत उभे राहिलो, आणि पाणी उसळून वर आलं, अर्ध्यावर.